अर्ध्या मिलिमीटरचं खोटं

कुत्रीची पिल्लं सहा होती. चार नर, दोन माद्या. डोळे बारा, सगळे उघडे. कान बारा, त्यातले सात उभे राहायच्या बेतात आणि पाच अजून लोंबकळणारे. दुधाचे दात एकशे सदुसष्ट. खरं तर एकशे अडुसष्ट असायला हवे होते, पण तिसऱ्या पिल्लाने एक दात पाण्याच्या लोखंडी घमेल्यावर मोडून घेतला होता. आणि या सगळ्या गोतावळ्याच्या मधोमध, बाहीचं एक बटण हरवलेला माणूस फरशीवर मांडी घालून बसला होता. पाचव्या पिल्लाचं तोंड उघडून त्याने आत पट्टी धरली होती.

दातांचा आकडा भिंतीवर लावलेल्या कार्डांवरून कळला. बाकीची मोजदाद तिने दारात उभ्या उभ्या केली. सवयच होती तिला. ती मापनशाळेत कामाला होती. कारखान्यांतली वजनं आणि मापं खरी आहेत की नाहीत हे तपासणारी एक खोली असते, वर्षभर वीस अंशांवर थंड ठेवलेली. त्या खोलीत तिची सहा वर्षं गेली होती.

"तीन मिलिमीटर," तो माणूस म्हणाला. खुर्चीतल्या बाईंनी ते कार्डावर लिहायला घेतलं. पिल्लं त्यांची होती, आणि सगळे त्यांना मावशी म्हणत.

"दोन," ती दारातून म्हणाली.

त्याने वर पाहिलं. "काय?"

"तीन नाही, दोन. तुमच्या पट्टीचं टोक झिजलंय. तुम्ही एकापासून मोजताय."

"एवढ्या लांबून दिसलं तुम्हाला?"

"पट्टीवर शून्य नाहीच आहे, एवढं दिसलं."

त्याने पट्टी उजेडात धरली. शून्य खरंच नव्हतं. तो हसला... स्वतःलाच हसल्यासारखा. "म्हणजे चार वर्षं मी सगळ्या पिल्लांना एक मिलिमीटर जास्त लावतोय."

"सगळ्यांना सारखंच लावलंय ना? मग अन्याय नाही झाला कुणावर."

"कोण गं तू?" मावशींनी चष्म्यावरून विचारलं. "पिल्लू बघायला आलीस की मापाडीण म्हणून?"

ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

ती पिल्लू बघायलाच आली होती. अकरा आठवड्यांनी तिला दूरच्या प्रयोगशाळेत जायचं होतं, दोन वर्षांसाठी. घरी बाबा एकटे राहणार होते. आई जाऊन चौदा महिने झाले होते, आणि या चौदा महिन्यांत बाबांची वाक्यं आखूड होत होत दोन-दोन शब्दांवर आली होती. जेवलो आहे. झोपतो आता. ठीक आहे. बाबांना एकटं टाकून जायचं तिला पटत नव्हतं, आणि न जायचंही पटत नव्हतं. यावर तिने जो उपाय शोधला होता तो कागदावर होता: बाबांना सोबतीला पिल्लू, आणि ते निवडायला बारा रकान्यांचा तक्ता, प्रत्येक रकान्याला दहा गुण.

दुसऱ्या पिल्लाला एकशे नऊ मिळाले. शांत, खाऊन-पिऊन खुशाल, कान उभे, दात चोख. पाचवं सगळ्यात मागे होतं. त्याच्या कार्डावर लिहिलं होतं, "चावा वाईट."

"हे चावतं?" तिने हात मागे घेत विचारलं.

डॉक्टरने – तो माणूस जनावरांचा डॉक्टर होता – मान खाली घालून हसू दाबलं. मावशींना तेवढाही धीर निघाला नाही. "चावणाऱ्यांचा चावा चांगला असतो गं बाई! माझ्या सासूबाईंचा काय सुरेख होता!"

"चावा म्हणजे," डॉक्टर म्हणाला, "तोंड मिटल्यावर वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे..."

"माहीत आहे मला," ती पटकन म्हणाली, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. कारण तिला खरोखरच माहीत होतं. तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? बाबा चाळीस वर्षं कवळ्या करत आले होते. रात्रीच्या जेवणाला बसले की सांगायचे, "आज तीन चावे घेतले." मऊ मेणाची पट्टी माणसाच्या दातांत धरून ठसा घ्यायचा, त्याला त्यांच्या धंद्यात चावा घेणं म्हणतात. पाच वर्षांची होईपर्यंत तिची पक्की समजूत होती की बाबा सकाळी डबा घेऊन निघतात ते लोकांना चावायला.

"याचे खालचे सुळे आत वळलेत," डॉक्टर सांगत होता. त्याने पिल्लाचा ओठ अंगठ्याने इतक्या हळू वर केला की पिल्लाने फक्त एक उसासा टाकला. "तोंड मिटलं की टाळूत टोचतात. तशी गोष्ट लहान आहे. दोन मिलिमीटर, तुमच्या कृपेने. टाळूवर उताराची एक छोटी पट्टी बसवली तर सुळे घसरून बाहेर येतील. पण एवढ्या मापाची पट्टी करून देणारा माणूस मला मिळालेला नाही. नाही मिळाला तर दोन्ही सुळे काढावे लागतील."

"ठेवेन मी त्याला माझ्याकडे," मावशी म्हणाल्या. "कोण नेणार दुरुस्तीचं काम?"

ती दुसऱ्या पिल्लाला कुशीत घेऊन उभी होती. एकशे नऊ गुण, आणि पोट कसं गरम... हे पिल्लू बाबांच्या पायाशी झोपेल. खाईल, वाढेल, काही मागणार नाही. बाबा म्हणतील, ठीक आहे. मग बाबा करतील काय?

तिने दुसरं पिल्लू खाली ठेवलं.

"पाचवं द्या," ती म्हणाली. "आणि डॉक्टर, पट्टी करणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे. फक्त... सध्या तो काम करत नाही."

* * *

बाबांनी पिल्लाला मांडीवर घेतलं ते घ्यायचं म्हणून. मग तोंडात अंगठा गेला तो सवयीने. अंगठा वरच्या हिरडीवरून फिरला, खालच्या हिरडीवरून फिरला, आणि थांबला.

"खालचे सुळे आत," बाबा म्हणाले. "दोन असेल."

"दोनच आहे, बाबा."

बाबांनी पिल्लू खाली ठेवलं. पण संध्याकाळी मागच्या खोलीतून खरखर ऐकू आली. कामाच्या टेबलावर आईच्या जुन्या चादरीचं आच्छादन चौदा महिने होतं, त्याची बाबा घडी घालत होते. कोपऱ्याला कोपरा लावून, आई घालायची तशी. नंतर त्यांनी दिव्यावर मेण धरलं, आणि घरभर तो वास पसरला, जळका-गोड, तिच्या सगळ्या लहानपणाचा. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून नुसतीच उभी राहिली.

पिल्लाचं नाव बाबांनीच ठेवलं. ठशा.

पुढच्या बुधवारी डॉक्टर आला. ठशाला थोडं गुंगीचं औषध देऊन, दोघांनी मिळून नखाएवढी गुलाबी पट्टी त्याच्या टाळूवर बसवली.

"काका, हे तुम्ही कुठे शिकलात?" डॉक्टरने विचारलं.

"माणसांवर," बाबा म्हणाले. "ती जास्त चावतात." चौदा महिन्यांत बाबांनी केलेला हा पहिला विनोद होता.

ठरलं ते असं: दर बुधवारी बाबा मेणावर चावा घेणार. त्या मेणावर उजव्या, म्हणजे जास्त आत वळलेल्या सुळ्याची खूण हिरडीच्या कडेपासून किती आत आहे ते मापाडीण मोजणार. तिचा व्हर्नियर, सरकत्या जबड्यांचं मोजायचं हत्यार, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत माप द्यायचा आणि त्याला शून्य होतं. डॉक्टर वहीत लिहिणार. खूण शून्यावर आली की पट्टी काढायची, कारण त्यापुढे ती उगाच हिरडीत रुतते. पुढची वाट सुळा आपली आपण काढतो.

पहिला बुधवार, दोन. मग एक पूर्णांक आठ. मग एक पूर्णांक चार.

मोजून झालं की चहा व्हायचा.

"साखर?" तिने पहिल्यांदा विचारलं.

"दीड चमचा."

"दीड म्हणजे सपाट दीड, की रास दीड?"

"तुम्ही घरी पण अशाच असता?"

"हे घरच आहे माझं."

"मग रास," तो म्हणाला. "आज जरा गोड चालेल."

चौथ्या बुधवारी पाऊस होता. तो भिजून आला, आणि पिशवीतून आधी स्वतःचा रुमाल न काढता ठशाला चावायला आणलेली रबरी नळी काढली. ती कोरडी होती. तिने टॉवेल दिला. त्याने केस पुसले, आणि टॉवेल परत देताना तो नीट चौघडी करून दिला. एवढंच. पण त्या रात्री झोपताना तिला ती घडी आठवत राहिली. घडीत काय आठवण्यासारखं असतं, हा प्रश्न तिने स्वतःला विचारून पाहिला.

"मापाडीणबाई, आज किती?"

"एक."

"आणि जायला किती?"

"सात आठवडे."

"हं," तो म्हणाला, आणि वहीत लिहिलेला एक त्याने पुन्हा एकदा गिरवला.

पाचव्या बुधवारी शून्य पूर्णांक सहा. बाबा आता जेवायला टेबलावर बसत होते, तेही बुधवारीच नाही, रोज. डॉक्टर कधी एखाद्या म्हाताऱ्या मांजरीची गोष्ट सांगायचा, कधी फक्त ऐकायचा. मेणावर वाकून ती व्हर्नियर सरकवायची तेव्हा तो तिच्या शेजारी उभा असायचा, आणि त्याच्या शर्टाला औषधी साबणाचा वास यायचा. ती श्वास रोखून धरायची. मोजताना रोखतातच, असं तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं.

सहाव्या बुधवारी तिने व्हर्नियर लावला, आणि खूण हिरडीच्या बरोबर कडेवर होती.

शून्य.

तिने पुन्हा लावला. शून्य. शून्य म्हणजे आता डॉक्टर पट्टी काढेल, वही मिटेल, हात धुवेल, आणि बाबांना म्हणेल, छान झालं काका... आणि पुढचा बुधवार हा मंगळवारनंतर येणारा एक वार असेल.

"किती?" त्याने विचारलं. पेन वहीवर टेकलं होतं.

"शून्य पूर्णांक..." ती म्हणाली, "पाच."

त्याने लिहिलं. मेणाकडे बघितलंसुद्धा नाही.

सहा वर्षांत तिच्या हातून एकही माप खोटं गेलं नव्हतं. एकदा एका कारखान्याच्या साहेबाने केसाएवढ्या फरकाकडे कानाडोळा करा म्हणून विनवलं होतं, तेव्हा तिने त्याला दारापर्यंत पोचवलं होतं. आणि आता? तिने चहात साखर घातली. किती घातली ते तिला कळलं नाही.

सातव्या बुधवारीही शून्यच होतं. ती पुन्हा पाच दशांश म्हणाली.

"अडलंय वाटतं कुठेतरी," डॉक्टर कपाळाला आठ्या घालत म्हणाला. बाबांनी मेणाचा तुकडा हातात घेतला, चष्मा वर-खाली केला, आणि तो बाकीच्या तुकड्यांशेजारी ठेवला.

आठव्या बुधवारी ठशाने तोंड उघडू दिलं नाही.

तो कधी असं करत नसे. डॉक्टरने त्याला जवळ घेतलं, कानामागे खाजवलं, मग हळूच ओठ वर केला. पट्टीची कड हिरडीत रुतली होती. तिथे लालभडक जखम होती, मसुराच्या दाण्याएवढी.

"अर्धा मिलिमीटर बाकी असताना असं रुतायला नको," तो पुटपुटला. "काका, मागच्या वेळचं मेण द्या बरं. मीच मोजतो."

"मोजू नका," ती म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ठशाने पण.

"ते शून्य आहे. मागच्या वेळीही शून्य होतं, त्याच्या आधीही. मी..." तिने हातातला व्हर्नियर खाली ठेवला. "मी खोटं सांगितलं."

खोलीत फक्त मेणाच्या दिव्याची फुरफुर.

"का?" डॉक्टरने विचारलं.

तिने ठशाचं डोकं दोन्ही हातांत धरलं, त्याला पट्टी काढता यावी म्हणून.

त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याने पट्टी काढली, जखम धुतली, औषध लावलं. ठशा एकदाच कुंईं करून ओरडला. एवढं सगळं होईपर्यंत डॉक्टरने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. निघताना दारात तो म्हणाला, "दोन आठवडे हे पोर दुखणं तोंडात घेऊन फिरत होतं. त्याला सांगता येत नाही म्हणून आपण मोजतो. एवढ्याचसाठी मोजतो."

तो गेल्यावर बाबा बराच वेळ मेणाचे तुकडे ओळीत लावत बसले.

"माझ्या अंगठ्याला कळलं होतं," शेवटी ते म्हणाले. "दोन्ही वेळा. पण तू मोजलंस म्हटल्यावर मला वाटलं, अंगठाच म्हातारा झाला."

यापेक्षा बाबा ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

* * *

नवव्या बुधवारी ती कामावरून आली तेव्हा डॉक्टर दुपारीच येऊन गेला होता. वही टेबलावर होती. तिची दोन्ही खोटी मापं त्याने खोडली नव्हती. प्रत्येकाच्या शेजारी लहान अक्षरांत शून्य लिहिलं होतं आणि सही केली होती. खाली लिहिलं होतं, "जखम भरतेय. खरं माप जायच्या आधीच्या बुधवारी घेऊ. सुळा एक मिलिमीटरच्या वर बाहेर असेल तर तो वाचला. एकाच्या आत असेल तर काढावा लागेल." तिच्यासाठी वेगळं असं काही नव्हतं. पान तिने दोनदा उलटून पाहिलं.

दहाव्या आठवड्यात, सोमवारी, ती त्याच्या दवाखान्यात गेली. बाकावर तिच्या आधी एक मांजर, एक ससा आणि रडून डोळे सुजलेल्या एक आजी होत्या. तिने नंबर घेतला. चौथा. तिच्या मागून एक कासव आलं.

तिला पाहून तो उभा राहिला. "ठशाला काही झालं?"

"ठशा बरा आहे. मी... माझ्यासाठी आलेय."

"इथे माणसं तपासत नाहीत," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

"तुम्ही त्या दिवशी 'का' विचारलं होतंत. मी उत्तर दिलं नव्हतं. माफी मागायला नाही आले, माफीने त्याची हिरडी भरून येत नाही. उत्तर द्यायला आलेय." तिने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. "शून्य म्हटलं असतं तर तुम्ही यायचे थांबला असतात. म्हणून. फक्त एवढ्यासाठी मी एका मुक्या जिवाच्या तोंडात... मला वाटायचं, मी कशासाठीही माप बदलणार नाही. ते खरं नव्हतं. तेही खोटं माप होतं, माझं मीच घेतलेलं."

तो खिडकीशी गेला. बाहेर मांजरवाले कुणीतरी रस्ता ओलांडत होते. तो ते पूर्ण ओलांडेपर्यंत बघत राहिला.

"मी चिडलो ते खरं," तो म्हणाला. "अजूनही थोडा आहे. पण अर्धा राग माझा माझ्यावरच आहे. मेण मी बघायला हवं होतं. डॉक्टर मी आहे. एका बुधवारी बघितलं नाही, दुसऱ्याही बुधवारी नाही. माहीत आहे का? तुम्ही मोजताना खालचा ओठ दातांत धरता. मी ते..." तो थांबला. मान हलवली. "मी मेण सोडून भलतंच बघत होतो. वहीत काय लिहितोय याकडे माझं लक्षच नव्हतं."

तिचा ओठ दातांत होता. तिने तो घाईने सोडला.

"झालं का हो डॉक्टर?" बाहेरून कुणीतरी हाकारलं. "माझं कासव वाळायला लागलंय!"

"पाचच मिनिटं!" तो ओरडला, आणि मग दोघांनाही हसू फुटलं, नको त्या वेळी, आवरता न येणारं. हसू ओसरलं तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"परवाचा बुधवार नाही," तो हळू म्हणाला, "त्याच्या पुढचा शेवटचा. शुक्रवारी तुम्ही जाणार. मी थांबा म्हणणार नाही."

"म्हणू नका. मी थांबणार नाही. हे काम मला हवंय... फार वर्षांपासून हवंय."

"माहीत आहे. मग परत...?"

"येईन."

"हे माप खरं धरू?"

"आता माझ्या शब्दावर धरू नका," ती म्हणाली. "दोन वर्षांनी स्वतः मोजून बघा."

"बघेन." तो खिडकीपासून परत टेबलाशी आला. "आणि तोवर बुधवारी मी काकांकडे जाणार आहे. सुळा वाचो न वाचो. मला त्यासाठी कसलंच माप लागत नव्हतं गं... तू फक्त विचारायचं होतंस."

तो 'तू' म्हणाला आहे हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. त्याने ते मागे घेतलं नाही.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "हेच उत्तर होतं."

* * *

शेवटच्या बुधवारी घरात अर्ध्या भरलेल्या दोन बॅगा होत्या. ठशा एका बॅगेत जाऊन बसला होता. त्याला काढून टेबलावर आणावं लागलं. तीन आठवड्यांत तो दीडपट झाला होता. बाबांनी मेण मऊ केलं, फुंकर घातली, त्याच्या दातांत धरलं, आणि जबडा दोन बोटांनी हळूच मिटवला. एक, दोन, तीन, चार, पाच. मेण बाहेर आलं. बाबांनी ते थंड पाण्यात सोडलं.

कुणीच व्हर्नियरला हात लावला नाही.

"तू घे," ती डॉक्टरला म्हणाली. "मी नको."

"मी एकट्याने घ्यायचं, मग तुला कसं कळेल मी खरं सांगतोय?"

"कळेल."

"मला नाही कळणार," तो म्हणाला. "मलाही तो दात वाचायला हवाय. हवं ते दिसतं माणसाला."

बाबा पाण्यातला मेणाचा तुकडा बोटाने फिरवत होते. "तुझ्या मापनशाळेत काय करतात गं," त्यांनी विचारलं, "एखाद्या मापाबद्दल शंका आली तर?"

"दोन माणसं मोजतात. एकाने मोजायचं तेव्हा दुसऱ्याने खोलीबाहेर जायचं. आकडा बोलायचा नाही, चिठ्ठीवर लिहायचा. मग तिसरा माणूस दोन्ही चिठ्ठ्या उघडतो."

"मग मी तिसरा," बाबा म्हणाले. त्यांनी वहीचं मागचं पान फाडून दोन तुकडे केले. "बस खाली. डॉक्टर, तुम्ही आधी स्वयंपाकघरात जा. चहा टाका. साखर तुमची तुम्ही घाला."

डॉक्टर गेला. तिने मेणावर व्हर्नियर लावला. तीनदा लावला. ठशा टेबलावर हनुवटी टेकून तिच्या हाताकडे बघत होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं आणि ते मिटलेलं कुठेही दुखत नव्हतं. तिने आकडा लिहिला, चिठ्ठी दुमडून बाबांच्या हातात दिली, आणि स्वयंपाकघरात गेली. दारात ती आणि डॉक्टर समोरासमोर आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. जाता जाता त्याचा हात तिच्या हाताला लागला आणि क्षणभर तिथेच राहिला.

गॅसवर पाणी उकळत होतं. मागच्या खोलीतून व्हर्नियरचं बारीक सरकणं ऐकू येत होतं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. तिने पाण्यात चहा टाकला.

"या दोघं," बाबांनी हाक मारली.

त्यांनी चष्मा पुसला, एक चिठ्ठी उघडली, मग दुसरी. दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि वही ओढून घेतली. लिहिता लिहिता ते मोठ्याने वाचत गेले.

"उजवा सुळा, हिरडीच्या कडेपासून बाहेर. मुलगी: एक पूर्णांक दोन मिलिमीटर. डॉक्टर: एक पूर्णांक तीन मिलिमीटर. दोघांतलं अंतर: शून्य पूर्णांक एक."